न विकलेली गाडी कुणाची?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा इतिहास बहुधा कारखान्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात आकुर्डीत बजाजच्या स्कूटरी बनू लागल्या, मग ट्रक बनवणारी टेल्को आली, एमआयडीसीचे ब्लॉक भरत गेले, आणि पुढच्या पिढीत चाकणच्या माळरानावर मोटारींचे कारखाने आले. गेटच्या आत काय घडले याच्या नोंदी भरपूर आहेत. गेटबाहेर पडलेली गाडी गिऱ्हाइकाच्या दारी पोचेपर्यंत तिचा भाव कुणाच्या हातात होता, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेलेला नाही. तो विचारला पाहिजे, कारण या पट्ट्यातल्या मालाचा किरकोळ भाव साठ वर्षांत तीन निरनिराळ्या हातांनी बांधला गेला. आधी सरकारने कमाल मर्यादा घातली, पुढे कंपन्यांनी डीलरला किमान मर्यादा घालायला सुरुवात केली, आणि अलीकडे एका कंपनीने डीलरकडून भावच नव्हे तर माल विकत घेण्याचे कामही काढून घेतले. या तिन्ही व्यवस्थांची न्याय्यता एकाच कसोटीवर तपासता येते, असे माझे म्हणणे आहे. माल पडून राहिला तर नुकसान कुणाचे, हे आधी पाहावे. भाव कमी करण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असला पाहिजे. जिथे नुकसान एकाचे आणि अधिकार दुसऱ्याचा, तिथे भावाचे बंधन म्हणजे दुबळ्याच्या खिशातून काढलेला पैसा असतो.

पहिला टप्पा स्कूटरचा. इटलीच्या पियाजिओशी करार करून बजाज ऑटोने स्कूटर बनवायला घेतली, तेव्हा किती गाड्या बनवायच्या हे ठरवण्याचा अधिकार कंपनीकडे नव्हता. परवान्यात लिहिलेल्या आकड्यापलीकडे उत्पादन करणे गुन्हा होता. वितरणावरही सरकारी नियंत्रण होते. डीलरने नोंदवही ठेवायची, क्रमाने नंबर लावायचे, काही गाड्या सरकारी नोकरांच्या कोट्यात जायच्या, परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला रांग चुकवता यायची. पियाजिओशी करार १९७१ मध्ये संपला, १९७२ मध्ये चेतक आली, मागणी वाढतच गेली, आणि नंबर लागायला वर्षानुवर्षे थांबणे हा मध्यमवर्गीय आयुष्याचा भाग झाला. लग्न ठरण्याच्या आधी स्कूटर बुक करून ठेवणारी घरे महाराष्ट्रात कमी नव्हती. ठरलेल्या किमतीत गाडी हातात आली की बाजारात तिची किंमत त्याच क्षणी वाढलेली असे, आणि मधल्या फरकाला लोक ‘ऑन’ म्हणत. ज्याचा नंबर लागला त्याने तो दुसऱ्याला देऊन ऑन खिशात घालावा, किंवा ज्याच्या हातात नोंदवही आहे त्याने नंबर पुढे सरकवावा, अशा वाटा निघाल्या. आकुर्डीच्या कामगाराने बनवलेल्या गाडीसाठी गिऱ्हाईक जे जास्तीचे पैसे मोजत होते, त्यांतला एक रुपयाही त्या कामगाराला, कंपनीला किंवा सरकारी तिजोरीला मिळत नव्हता.

यावर एक आक्षेप गंभीर आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. कमाल किंमत बांधली नसती तर स्कूटर फक्त श्रीमंतांनाच मिळाली असती, बांधलेल्या भावामुळे धीर धरणाऱ्या कारकुनालाही, शिक्षकालाही ती कधी ना कधी मिळाली, असे म्हणतात. यात तथ्य आहे. ज्या माणसाने स्वतःच्या नंबराची वाट पाहिली आणि गाडी स्वतः वापरली, त्याला भावबंदीचा खरोखर फायदा झाला. भाव मोकळा केला असता आणि परवान्याचा आकडा तसाच ठेवला असता, तर ऑनचा पैसा दलालाऐवजी कंपनीकडे गेला असता, पण गाड्या तेवढ्याच राहिल्या असत्या. म्हणजे खरा अन्याय भाव बांधण्यात कमी आणि उत्पादन बांधण्यात जास्त होता. तरीही माझ्या कसोटीच्या दृष्टीने या काळाची एक गोष्ट महत्त्वाची आहे. त्या व्यवस्थेत माल पडून राहण्याची भीतीच कुणाला नव्हती. गिऱ्हाइकाने पैसे आधी भरलेले, गाडी यायच्या आधी विकलेली, डीलरच्या दारात ती एखादी रात्र उभी राहिली तर राहिली. जोखीम नसलेल्या व्यापारात भावावरचे बंधन डीलरला जाचत नाही. सूट द्यायचीच नसते, तर सूट देऊ नका हा हुकूम कशाला लागेल?

म्हणूनच आपल्या कायद्यातली एक तरतूद या काळात जवळजवळ झोपून राहिली. १९६९ चा मक्तेदारी व निर्बंधात्मक व्यापारी प्रथा कायदा १ जून १९७० पासून लागू झाला. माल पुढे विकताना अमुकच भाव घ्यायचा अशी अट विक्रेत्याने घातली, आणि त्याहून कमी भाव घेता येईल असे स्पष्ट लिहिले नाही, तर तो करार नोंदणीस पात्र निर्बंधात्मक करार ठरेल, असे त्यात म्हटले होते. किमान भावाची सक्ती तर कायद्याने थेट मना केली होती. ब्रिटनने १९६४ च्या कायद्याने अशीच बंदी घातली होती आणि त्या काळच्या अर्थशास्त्रात तिला मान होता. पण ती तरतूद भरपूर माल असलेल्या बाजारासाठी लिहिलेली होती, आणि आपला बाजार टंचाईचा होता. पिंपरी-चिंचवडला कारखाना उभारत असलेल्या टेल्कोचा खटला हे नीट दाखवतो. टेल्कोच्या डीलरने नेमून दिलेल्या भागातच ट्रक विकायचे, इतर कंपन्यांची वाहने विकायची नाहीत, अशा अटी होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी १९७७ मध्ये न्यायालयाने टेल्कोच्या बाजूने निकाल दिला. व्यापारी वाहनांची टंचाई होती, वितरणावर १९६३ च्या आदेशाचे नियंत्रण होते, आणि डीलरला कुठेही विकू दिले तर दूरच्या जिल्ह्यांना गाड्या मिळणार नाहीत, हा विचार न्यायालयाला पटला. टंचाईत हा निकाल समजण्यासारखा आहे. त्याची अडचण पुढे येते. डीलर हा कंपनीच्या वितरणाचा हात आहे, स्वतंत्र व्यापारी नव्हे, ही समजूत टंचाई संपल्यावरही टिकून राहिली.

पिंपरीतल्याच दुसऱ्या मालाचा इथे उल्लेख करायला हवा. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे पेनिसिलिन आणि देशातली इतर अनेक औषधे यांच्या किमती १९७० पासून औषध किंमत नियंत्रण आदेशांखाली आल्या, आणि केमिस्टच्या वाट्याला किती टक्के यायचे हेही बांधले गेले. केमिस्टला भाव ठरवता येत नाही, पण मुदत संपलेली औषधे परत पाठवण्याची रीत या धंद्यात रुळलेली आहे. जोखीम वर सरकवता येते, म्हणून बांधलेले मार्जिन सहन होते. या व्यवस्थेचे इतर दोष खूप आहेत, पण या एका बाबतीत तिचा हिशेब जुळतो.

मोटारींचा हिशेब बिघडला तो टंचाई संपल्यावर. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर परवान्यांची पकड सैल झाली. बजाजने १९८५ मध्ये वाळूजला दुसरा कारखाना काढला, एलएमएल, कायनेटिक होंडा, हिरो होंडा बाजारात आल्या आणि स्कूटरची रांग ओसरू लागली. १९९१ नंतर मोटारींतही तेच झाले. टेल्कोने पिंपरीत प्रवासी गाड्या बनवायला घेतल्या, १९९८ च्या अखेरीस इंडिका आली, फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, महिंद्राचा २०१० मध्ये, आणि तळेगावला जनरल मोटर्स २००८ मध्येच आली होती. एवढे कारखाने चालते ठेवायचे तर दर महिन्याला गाड्या बाहेर काढाव्या लागतात. गाडी कारखान्याच्या गेटबाहेर पडून डीलरच्या नावावर चढली की कंपनीच्या हिशेबात ती विकली गेली. डीलर मात्र ती बँकेच्या कर्जाने विकत घेतो, यार्डात उभी करतो, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत व्याज भरत राहतो. महिना संपत आला की कंपनीच्या माणसाचा फोन येतो, अजून दहा-वीस गाड्या उचला म्हणून. पूर्वी गिऱ्हाईक गाडीसाठी थांबे, आता गाडी गिऱ्हाइकासाठी थांबते, आणि तिच्या थांबण्याचे भाडे डीलर देतो. हा भार केवढा मोठा होऊ शकतो याचा अंदाज डीलरांच्या राष्ट्रीय महासंघाने, फाडाने, ऑगस्ट २०२४ साठी दिलेल्या आकड्यांवरून येतो. देशभरच्या डीलरांकडे सुमारे ७.८ लाख प्रवासी गाड्या विक्रीविना उभ्या होत्या, त्यांची किंमत सुमारे ७७,८०० कोटी रुपये होती, आणि साठा ७० ते ७५ दिवसांचा होता.

अशा डीलरला सूट देण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो. वीस हजार रुपये कमी घेऊन गाडी आज गेली, तर पुढच्या दोन महिन्यांचे व्याज आणि जुन्या मॉडेलवर बसणारा फटका वाचतो. नेमके हेच त्याला करू दिले जात नव्हते, असे भारतीय स्पर्धा आयोगाने २३ ऑगस्ट २०२१ च्या आदेशात म्हटले, आणि मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मारुतीचा कारखाना आपल्या पट्ट्यात नाही, पण प्रकरण उगवले ते आपल्या भागातल्या शोरूममधून. २०१७ मध्ये आयोगाकडे एक निनावी ईमेल आला. तो एका डीलरचा असावा असे त्यातून दिसत होते. मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून कंपनीचा जो विभाग होता, तिथे कंपनीने जाहीर केलेल्या ऑफरपेक्षा जास्त सूट देता येत नाही आणि दिली तर दंड होतो, अशी ती तक्रार होती. त्यात पुण्यातल्या बाराहून अधिक डीलरशिपचा उल्लेख होता. चौकशीत जे आयोगासमोर आले ते वाचताना वाईट वाटते. नेमलेल्या संस्थांची माणसे गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जायची, घासाघीस करायची, बोलणे रेकॉर्ड करायची. जास्त सूट किंवा फुकट ॲक्सेसरीज देऊ केल्या असे आढळले की डीलरशिपला दंड, शोरूम मॅनेजरला दंड, टीम लीडरला दंड, अगदी थेट गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या विक्रेत्यालासुद्धा दंड. डीलरशिपच्या करारात असे बंधन नाही, हा कंपनीचा बचाव आयोगाने मानला नाही. कागदावर मोकळीक ठेवून ईमेलवर शिक्षा चालवली जात होती, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. कायद्याच्या अंगाने शेवटचा शब्द अपिलात जो ठरेल तो ठरेल. पण त्या आदेशात वर्णन केलेली रचना मला अन्यायाची वाटते, आणि तिचे कारण गिऱ्हाइकाच्या तोट्यापुरते नाही. गाडी डीलरची, कर्ज डीलरचे, व्याज डीलरचे, आणि ती स्वस्त विकून मोकळे होण्याचा हक्क मात्र त्याचा नाही.

किमान भावाच्या बाजूने अर्थशास्त्रात एक जुना आणि भक्कम युक्तिवाद आहे. लेस्टर टेल्सर यांनी तो १९६० मध्ये नीट मांडला. एक दुकानदार मेहनत घेतो, माल दाखवतो, समजावून सांगतो, वापरून पाहू देतो. गिऱ्हाईक सगळे शिकून घेते आणि शेजारच्या, काहीच न करणाऱ्या दुकानातून स्वस्तात खरेदी करते. असे होत राहिले तर माल दाखवणारे दुकान बंद पडेल, आणि मग मालाचेच नुकसान होईल. अमेरिकेत पटावरच्या खेळांच्या धंद्यात हा वाद वर्षानुवर्षे चालला आहे. तिथली छोटी दुकाने टेबले मांडून लोकांना खेळ शिकवतात, आणि शिकलेला माणूस घरी जाऊन ऑनलाइन स्वस्तात मागवतो. अशा मालाच्या उत्पादकाने सुटीवर मर्यादा घालावी की नाही, हा प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या लीजिन निकालानंतर खुला झाला. १९११ पासून चालत आलेली सरसकट बंदी त्या निकालाने उठवली आणि प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणदोषांवर तपासायला सांगितले. आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्याचेही धोरण तेच आहे. किरकोळ भावाची अट आपोआप बेकायदा ठरत नाही, तिचा स्पर्धेवर प्रतिकूल परिणाम दाखवावा लागतो.

हा युक्तिवाद मी नाकारत नाही. पण मोटारीला तो किती लागू पडतो? टेस्ट ड्राइव्ह वाकडच्या शोरूममध्ये घेऊन गाडी भोसरीच्या शोरूममधून घेता येते, हे खरे. मात्र मोटारीच्या विक्रीत डीलरची जी खर्चिक सेवा आहे, तिचे पैसे वेगळे देण्याची सोय आधीपासून आहे. मोफत सर्व्हिसिंगच्या कुपनांचे, वॉरंटीतल्या दुरुस्तीचे पैसे कंपनी डीलरला भरून देते. तसेच टेस्ट ड्राइव्हचेही देता येतील. सेवेचे मोल सेवेला द्यावे. त्यासाठी विकल्या गेलेल्या प्रत्येक गाडीचा भाव वर धरून ठेवण्याची गरज नाही. शिवाय टेल्सर यांचा दुकानदार काही न करता फायदा लाटणाऱ्या शेजाऱ्याला घाबरतो. आपला सूट देणारा डीलर तसा नाही. त्याचीही शोरूम आहे, त्याचेही वर्कशॉप आहे. तो भाव पाडतो कारण त्याच्याकडे माल साचला आहे, आणि तो साचला कारण कंपनीने गरजेपेक्षा जास्त पाठवला. आधी माल लादायचा आणि मग तो विकण्याचा एकमेव उपाय बंद करायचा, याला सेवेचे रक्षण म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप लहान डीलरच्या बाजूने येतो. सुटीचे युद्ध मोकळे सोडले तर दहा शोरूम असलेला बडा डीलर तग धरेल आणि एक शोरूमवाला बुडेल, अशी भीती आहे. ब्रिटनमध्ये पुस्तकांचे भाव एका कराराने १९०० पासून बांधलेले होते. तो करार नव्वदच्या दशकात कोसळल्यावर अनेक छोटी पुस्तकांची दुकाने संकटात आली, हे उदाहरण अशा वेळी आठवते. पण आपल्या पट्ट्यात लहान डीलरला बुडवले कशाने, ते पाहावे. जनरल मोटर्सने मे २०१७ मध्ये जाहीर केले की वर्षअखेर भारतात गाड्या विकणे थांबेल. तळेगावचा कारखाना त्यानंतरही निर्यातीसाठी चालू राहिला, तो बंद झाला २०२० च्या अखेरीस. शेव्हरलेटचे डीलर मात्र उरलेला माल, भाड्याच्या शोरूम, काढलेली कर्जे आणि बेकार होणारी माणसे घेऊन बसले. भरपाई अपुरी आहे म्हणून त्यांच्या संघटनेने आवाज उठवला. भावाची कितीही शिस्त पाळली असती तरी त्यांचे हे नुकसान टळले नसते, कारण ते भावातून आलेच नव्हते. लहान डीलरला संरक्षण हवे असेल तर न विकलेला माल परत घेण्याची हमी द्यावी, करार मोडताना गुंतवणुकीची भरपाई द्यावी. सुटीवरच्या बंदीतून यातले काहीच मिळत नाही.

चाकणमध्ये या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले गेले आहे, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला तो सर्वांत लक्ष देण्यासारखा प्रयोग आहे. मर्सिडीज-बेंझ या पट्ट्यात नव्वदच्या दशकात टेल्कोच्या आवारात आली आणि २००९ मध्ये चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने विक्रीची पद्धत बदलली. आता गाड्यांचा साठा कंपनीच्या मालकीचा असतो, बिल कंपनी थेट गिऱ्हाइकाच्या नावाने करते, देशभर एकच भाव असतो, आणि पूर्वीचे डीलर गाडी दाखवणे, ताबा देणे, दुरुस्ती करणे ही कामे करून कमिशन घेतात. माल पुन्हा विकलाच जात नाही, त्यामुळे पुनर्विक्रीचा भाव बांधल्याचा आरोप उरत नाही.

इथे सर्वांत अवघड आक्षेप येतो. गिऱ्हाइकाला काय फरक पडला? मारुतीकडेही घासाघीस बंद, मर्सिडीजकडेही बंद. तिथे दंडाच्या धाकाने, इथे बिलावरच्या नावाने. मग एक बेकायदा आणि दुसरे कायदेशीर, हा केवळ कागदी भेद नव्हे काय? मला तसे वाटत नाही. माल स्वतःचा असला की चुकीच्या भावाची किंमत भाव ठरवणाऱ्यालाच मोजावी लागते. गाडी उभी राहिली तर व्याज कंपनीचे, म्हणून महिनाअखेरीला नको तेवढ्या गाड्या यार्डात ढकलण्यात तिला फायदा राहत नाही, आणि भाव खरोखर जास्त असेल तर तो तिला सगळ्यांसाठीच उतरवावा लागतो. घासाघीस न जमणाऱ्या गिऱ्हाइकाकडून जास्त आणि बोलक्याकडून कमी, हा भेदही मिटतो. अर्थात बाजारात प्रतिस्पर्धी असले तरच हे खरे राहते. मर्सिडीजसमोर बीएमडब्ल्यू आणि ऑडी आहेत. प्रवासी गाड्यांच्या बाजाराचा सर्वांत मोठा वाटा ज्या कंपनीकडे आहे तिने हीच पद्धत आणली, तर एकाच भावाचा अर्थ वेगळा होईल. आणि डीलरचे नुकसान काहीच नाही असेही नाही. ऑस्ट्रेलियात मर्सिडीजच्या डीलरांनी, वर्षानुवर्षे जोडलेली गिऱ्हाइके आपल्याकडून विनामोबदला काढून घेतली, असा दावा लावला होता. तिथल्या फेडरल न्यायालयाने तो २०२३ मध्ये फेटाळला. दावा फेटाळला गेला तरी तक्रार खरी आहे. जोखीम गेली तशी कमाईची वरची मर्यादाही ठरून गेली. पण ही देवाणघेवाण उघड आहे, आणि म्हणून तिच्यावर भांडता येते.

आपला कायदा अजून या प्रश्नाकडे सरळ पाहत नाही. ह्युंदाईवर २०१७ मध्ये अशाच सुटीच्या नियंत्रणासाठी ८७ कोटींचा दंड झाला. आयोगाने पुराव्याची स्वतंत्र छाननी केली नाही या कारणावरून अपील न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये तो रद्द केला. तीच ह्युंदाई आता तळेगावचा जनरल मोटर्सचा जुना कारखाना घेऊन आपल्या पट्ट्यात आली आहे. स्पर्धा कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रतिकूल परिणाम जोखण्यासाठी सहा मुद्दे दिले आहेत. नव्या कंपन्यांना अडथळा होतो का, जुने स्पर्धक बाहेर फेकले जातात का, बाजार कुणाला बंद होतो का, ग्राहकाला लाभ होतो का, उत्पादन-वितरण सुधारते का, तांत्रिक आणि आर्थिक प्रगती होते का. न विकलेल्या मालाचे व्याज कोण भरतो, हा मुद्दा त्यांत नाही. तो असता तर पुण्याच्या डीलरशिपची चौकशी बनावट गिऱ्हाइकांच्या रेकॉर्डिंगपासून नव्हे, डीलरच्या बँकखात्यापासून सुरू झाली असती. कोणत्या महिन्यात किती गाड्या पाठवल्या, त्यांतल्या किती मागितल्या होत्या, आणि किती दिवस त्या यार्डात उन्हापावसात उभ्या राहिल्या, हे आकडे कंपनीच्या आणि बँकेच्या संगणकात तारखेसह नोंदलेले असतात. आयोगाला ते मागवण्याचा अधिकार आहे, आणि सुटीवरच्या बंधनाचे पुढचे प्रकरण समोर येईल तेव्हा त्याने पहिल्या दिवशी तेच मागवावेत.